महिला उद्योजिकेने अडचणीतही टिकेल असा पर्सनल ब्रँड कसा उभा करावा? त्यासाठी रोज कॅमेऱ्यासमोर यावंच लागतं का?

रोज यावं लागत नाही. लोगो, रंग, फोटो याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी वेगळंच विचारते: ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखणार, ते नाव कागदोपत्री कुणाचं आहे?

माझा क्रीम-साबणांचा व्यवसाय माझ्याच नावाने चालतो. सुरुवातीला एक भागीदार होते, घरोब्यातले, वयाने मोठे. माल बनवायचा आणि लोकांसमोर उभं राहायचं ते मी, ‘कटकटीचं’ सगळं ते बघणार, असं ठरलेलं. ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावावरच्या हक्काच्या नोंदणीचा, अर्ज सहीला आला तेव्हा अर्जदाराच्या रकान्यात त्यांनी फर्मचं नाव टाकलेलं होतं. मी म्हटलं, इथे माझं नाव येईल. फर्मला वापराचा परवाना लेखी देऊ. ते हसले. “अगं, तू क्रिएटिव्ह बाजू सांभाळ ना, या खाचाखोचांत कशाला पडतेस?” मी अर्ज नव्याने करायला लावला. मग डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते काढलं, तर त्यांच्या पुतण्याच्या! वेबसाइट माझ्या नावाची, आणि नूतनीकरणाचे मेल जाणार पुतण्याला. तेही बदलून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस अबोला.

पुढे भागीदारी मोडली. जागा, यंत्रं, सोशल मीडियाचं पेज सगळं त्यांच्याकडे गेलं, कारण ते त्यांच्या नावावर होतं. माझ्याकडे राहिलं नाव, डोमेन आणि ग्राहकांच्या ईमेलची यादी. त्या यादीला मी चार ओळी पाठवल्या: माल मीच बनवतेय, ऑर्डर आता इथे द्या. धंदा त्यावरच परत उभा राहिला. त्यांना मात्र माझ्या नावाने साबणाची वडीही विकता येईना.

दोन्हीकडच्या ओळखीची माणसं अजून ऐकवतात, “तुझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता, म्हणून मोडलं.” हेच कागद पुरुषाने मागितले असते तर तो व्यवहारी ठरला असता. बाईने मागितले की ती संशयी. आणि मोडलं ते हिशेबावरून, अर्जावरून नाही. असो.

स्वतःचं नाव हातचं जाणं मोठमोठ्या बायकांनाही चुकलेलं नाही. अमेरिकन मेकअप आर्टिस्ट बॉबी ब्राउनने १९९५ साली स्वतःच्या नावाची कंपनी एस्टी लॉडर या बड्या सौंदर्यप्रसाधन कंपनीला विकली, तेव्हा स्पर्धेत न उतरण्याची अट २५ वर्षांची होती. ती २०२० मध्ये संपली आणि तिने ‘जोन्स रोड’ काढला, म्हणजे नवं नाव घेऊनच. ब्रिटनच्या अत्तरवाल्या जो मलोननेही १९९९ साली स्वतःच्या नावाचा ब्रँड विकला. २०११ मध्ये परतली ती ‘जो लव्ह्ज’ म्हणून. ब्रिटिश फॅशन डिझायनर कॅरन मिलन तर विकलेलं स्वतःचं नाव परत वापरण्यासाठी लंडनच्या कोर्टात गेली आणि २०१६ साली हरली. यांना पैसे मिळाले, सह्या त्यांनीच केल्या, फसवणूक नाही. पण सही करताना नावाबद्दलचं कलम दोनदा वाचा.

आडनावाचंही आधीच ठरवा. लग्न होवो, मोडो, धंद्यातलं नाव बदलायचं नाही. पासपोर्टवर वेगळं असलं तरी चालतं.

हां, गुंतवणूकदार आणणार असाल तर तो ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर करायला सांगेल, आणि त्यात त्याचं चूक नाही. तेव्हा माझ्यासारखं अडून बसता येणार नाही. निदान तुम्ही बाहेर पडल्यावर नावाचं काय, एवढं लिहून घ्या. नियम देशागणिक बदलतात, म्हणून वकिलाला विचारा, पण तो भागीदाराच्या ओळखीतला नको. ट्रेडमार्कची नोंदणी बहुतेक ठिकाणी १० वर्षांची असते, मग नूतनीकरण. ती तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर टाका.

व्हिडिओ आठवड्याला एक केलात तरी पुष्कळ. मालाबद्दल बोला: आत काय घातलंय, कुणी वापरू नये. दिसण्यावर कमेंट आली तर उत्तर न देता उडवून टाका.