इसबावर प्रिमरोजच्या कॅप्सूल घ्याव्यात की कडुनिंबाचा लेप लावावा?

तुम्ही लिहिलंय की बोटांना आणि कोपराच्या आतल्या घडीत इसब आहे, मलम लावलं की बसतं, बंद केलं की महिन्याभरात परत उठतं. म्हणून आता प्रिमरोजच्या (एका फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या) कॅप्सूल किंवा घरगुती उपायाकडे वळायचंय. मी डॉक्टर नाही, पण शाळेत असल्यापासून हे दुखणं सांभाळतेय. माझ्या अनुभवात कॅप्सूलवर घातलेले पैसे बहुतेक पाण्यात गेले, आणि घरगुती उपायांतले निम्मे तर मला उलटे बाधले.

आधी बाधलेले सांगते. लिंबू-हळद चोळली, कातडी जळजळून आणखी फाटली. कडुनिंबाचा पाला वाटून बांधला, तो वाळून खडखडीत झाला आणि काढताना खपलीसकट निघाला. (लहान मुलांना कडुनिंबाचं तेल पाजायचा सल्ला कुणी दिला तर साफ दुर्लक्ष करा. त्याने बाळांना झटके येऊन जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत.) मग मामीने लसूण ठेचून बांधायला सांगितलं. सकाळी बोटावर भाजल्यासारखे टपोरे फोड!

ते फोड घेऊन त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले. डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढीच टोकं सोललेली. उजवा हात बराचसा स्वच्छ. "घरात लसूण कोण सोलतं?" त्यांनी विचारलं. मीच की! तेव्हा मी दिवाळीच्या आधी लसणाच्या चटणीच्या ऑर्डरी घ्यायचे, एकेका बैठकीला दोन-दोन किलो लसूण. पाकळी डाव्या हाताने धरायची, सुरी उजव्या हातात. पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट झाली (कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते पाहायची तपासणी), दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, आणि चौथ्या दिवशी लसणाच्या जागी लालभडक गोल. गंमत म्हणजे रबरी मोज्यांचाही उपयोग नाही, लसणातला बाधणारा पदार्थ मोज्यातून आरपार जातो. आता लसूण नवरा सोलतो आणि चटणीचा धंदा बंद आहे. बोटं तीन महिन्यांत भरून आली. कोपराचं इसब मात्र जन्माचं, ते या लसणाने आलं नव्हतं नि त्याच्या जाण्याने गेलंही नाही.

आता गोळ्या. प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल मी आठ महिने खाल्ल्या. नंतर कळलं की त्यावरच्या आणि बोरेज (तसंच एक झाड) तेलावरच्या 27 चाचण्या एकत्र करून 2013 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी आढावा घेतला, तर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. ब्रिटनने तर इसबासाठीचा या कॅप्सूलचा परवाना 2002 मध्येच काढून घेतला होता. माशाच्या तेलाचंही कौतुक करण्यासारखं काही नाही. ड जीवनसत्त्वाचं थोडं वेगळं आहे. मंगोलियात, जिथे हिवाळाभर ऊन अंगाला लागत नाही, तिथे 107 मुलांना महिनाभर रोज 1000 युनिट दिल्यावर थंडीत वाढणारं इसब कमी झालं. म्हणून रक्त तपासा, कमी असेल तर डॉक्टरांच्या हिशोबाने घ्या. आमच्या सोसायटीत दर रविवारी ड जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटचं पाकीट दुधातून वर्षभर घेणारे आहेत. अशाने रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. आणि वांगं, अंडं, सुकट बंद करा म्हणणारे भेटतीलच. मी दोन वर्षं वांगं सोडलं होतं. इसब होतं तिथेच राहिलं, भरताला मात्र मुकले.

उपयोग होतो तो कातडीतलं पाणी धरून ठेवणाऱ्या स्निग्ध पदार्थांचा. घाण्याचं खोबरेल घ्या, मोगऱ्याच्या वासाचं नको. फिलिपिन्समध्ये 117 मुलांवर आठ आठवडे व्हर्जिन खोबरेल लावून पाहिलं तर मिनरल ऑइलपेक्षा (बेबी ऑइलमध्ये असतं ते) बरंच सरस ठरलं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असेल असं वाटतं, पण ते कातडीचा थर उलट कमकुवत करतं. आमच्या सिंधुदुर्गात टाचांच्या भेगांना भिरंडेल लावतात, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते मेणासारखं घट्ट असतं, निखाऱ्यावर जरा धरून वितळवायचं आणि भेगेत भरायचं. हाताच्या भेगांना मला त्याच्याइतकं काही मानवलं नाही. आजी शतधौत घृत करायची, तांब्याच्या परातीत गाईचं तूप घालून पाण्याने शंभर वेळा फेटायचं. शेवटी पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं. लावायला सुख, पण हात मोडतात, आणि पाण्याचा अंश राहिल्यामुळे फार दिवस ठेवू नये. एवढा खटाटोप नको तर केमिस्टकडचं साधं पांढरं पेट्रोलियम जेली तेच काम करतं, पन्नास-साठ रुपयांत.

लावायची वेळ महत्त्वाची. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, साबण फक्त काखेत-जांघेत, उटणं नाही, डाळीचं पीठ घासणं नाही. टॉवेलने अंग टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा जेली. हात फिरवण्यापुरतं नव्हे, भरपूर. माझी अर्ध्या किलोची बरणी दोन आठवड्यांत संपते.

मलमाबद्दल: तुमचं स्टेरॉइडचं असेल तर ते घाबरून मध्येच सोडणं हेच बऱ्याचदा परत उठण्याचं कारण असतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बरं झाल्यावर नेहमीच्या जागी आठवड्यातून दोनदा लावत राहायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मला त्यानेच वर्षभर बरं ठेवलंय. पण डाग गोल असून कडा उचललेली आणि मधे साफ असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर स्टेरॉइड लावलं की आठवडाभर खाज थांबते आणि मग तो मांडीभर पसरतो. पिवळी खपली धरली, पाणी वाहू लागलं किंवा ताप येऊन दुखरे बारीक फोड आले तर तेल-तूप बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

आणि बोटं डाव्या हाताची जास्त खराब आहेत की दोन्ही सारखी, ते कळवा. भांडी कुठल्या पावडरीने घासता तेही.