काँक्रीटच्या भिंतीतल्या मोकळ्या जागेत लाकडी फाटक घरच्या घरी कसं बसवावं?

तुम्ही विचारलंय की कंपाउंडच्या काँक्रीट भिंतीत ४२ इंचांची जागा सोडलेली आहे, तिथे साडेचार फूट उंचीचं लाकडी फाटक स्वतः करून बसवायचंय, तर बिजागऱ्या सरळ काँक्रीटलाच मारल्या तर चालेल का?

नका मारू. बसतात त्या, पण पुढे एखादा स्क्रू सैल झाला की त्याच भोकात दुसरा धरत नाही, आणि शेजारी अर्ध्या इंचावर नवं भोक पाडायला गेलात तर मधला टवकाच निघून येतो. आधी दोन्ही बाजूंना लाकडी खांब भिंतीला बोल्टांनी आवळा आणि बिजागऱ्या त्या लाकडात घ्या. लाकडात चूक झाली तर भोकात खुंटी ठोकून पुन्हा सुरुवात करता येते.

मी सुतार नाही. रत्नागिरीजवळ आमचं घर आहे, तिथे मी दोन फाटकं केली. दुसरं अजून उभं आहे, पण तुम्हाला उपयोग पहिल्याचा जास्त होईल.

आजोबांच्या वेळी गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, नुसतं बेडं होतं, दोन बांबू सरकवले की गुरं बाहेर. गडगा जाऊन भिंत आली तेव्हा मी मे महिन्याच्या सुट्टीत फाटक करायला घेतलं. जागेचं माप मधोमध एकदाच घेतलं आणि अंगणात बसून फाटक तयार केलं. उभं करायला गेलो तर खाली अडकतंय आणि वर बोट जाईल एवढी फट. वाडीतल्या सुतारकाकांनी येऊन ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला. भिंतीची एक बाजू वरपासून खालपर्यंत १२ मिमी कललेली निघाली. काका म्हणाले, "भिंत गवंड्याची, दार सुताराचं. मधे कोणीतरी समजूतदार नको?"

तो समजूतदार म्हणजे हा खांब. ४ × २ इंचाचा साग किंवा ऐन घ्या. भिंतीकडच्या बाजूला आणि वर-खालच्या कापलेल्या टोकांना डांबर चोपडा, कारण काँक्रीट ओल धरतं आणि ती लाकडात उतरते. खांब जमिनीला टेकवू नका, इंचभर वर ठेवा. नाहीतर पागोळ्यांचं पाणी आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात. प्रत्येक खांबाला १० × १२० मिमीचे चार अँकर बोल्ट, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगून धरणारे, पुरेत. भोकं भिंतीच्या जाडीच्या बरोबर मधोमध घ्या. भिंत ६ इंचांची असेल तर दोन्ही कडांपासून साधारण ७५ मिमी मिळतात. कडेजवळ बोल्ट आवळला की तो फुगून कोपराच फोडतो. बिट बोल्टच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचाच घ्या, हॅमर ड्रिल वापरा आणि भोकातली धूळ फुंकून काढा. ही धूळ बहुतेक जण तशीच ठेवतात आणि मग बोल्ट नुसताच फिरतो म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात. ड्रिल मधेच खणखणून थांबलं तर आत सळई लागली आहे, भोक दोन इंच वर घ्या. भिंत नुकतीच ओतली असेल तर २८ दिवस थांबा.

बोल्ट आवळण्याआधी ओळंबा लावा. जिथे पोकळी दिसेल तिथे, म्हणजे बोल्टापाशीच, ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सारा. प्लायचे तुकडे नकोत, ते फुगतात.

आता फाटकाचं माप. ४२ मधून दोन खांबांचे ४ इंच गेले, राहिले ३८. बिजागरीच्या बाजूला ६ मिमी आणि कडीच्या बाजूला १२ मिमी सोडा. म्हणजे फाटक सव्वासदतीस इंच. त्यात ४ इंची नऊ फळ्या, मधे ४ मिमीच्या आठ फटी, हिशोब जवळपास बरोबर बसतो.

या फटींवरून माझं पहिलं फाटक दुसऱ्यांदा फसलं. खालून तासून कसंबसं बसवलं होतं, पण फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. ४ इंची फळी मे ते जुलैमध्ये दीडेक मिलिमीटर वाढते, आणि नऊ जणी मिळून एकमेकींना ढकलायला लागल्या की १३ मिमी होतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फाटक असं अडकलं की दूधवाला महिनाभर भिंतीवरून पिशवी देत होता. फळ्यांमधे फट ठेवली की प्रत्येक फळी आपल्या जागी फुगते आणि मागच्या आडव्या पट्ट्या, ज्यांची लांबी बदलत नाही, फाटकाची रुंदी धरून ठेवतात.

मागे वर-खाली दोन आडव्या पट्ट्या, ४ × दीड इंच. त्यांच्यामधे एक तिरकी. ही तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून वरच्या कडीच्या टोकाला गेली पाहिजे. लाकूड दाब चांगला सोसतं, आणि अशी लावली की कडीकडचा भार ती दाबातून खालच्या बिजागरीवर उतरवते. उलटी लावली तर ती ताणली जाते, सांधे सैल होतात आणि फाटक नाक घासायला लागतं. गावात फिरून बघा, निम्म्या फाटकांची उलटीच आहे. माझ्या पहिल्याचीही होती.

वजनाचा अंदाज हवाच. सागाचं एवढं फाटक ३० किलोच्या आसपास जातं. बिजागऱ्यांमधे तीन फुटांचं अंतर ठेवलं तर वरची बिजागरी खांबापासून पंधरा-सोळा किलोने ओढली जाते, आणि त्यावर एखादं पोर झोका घ्यायला लटकलं तर दुपटीच्याही वर. म्हणून १२ इंची टी (T) आकाराची बिजागरी घ्या, तिची लांब पात आडव्या पट्टीवर बसवा, आणि वरच्या बिजागरीला निदान दोन आरपार बोल्ट टाका. स्क्रू स्टेनलेसचेच. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे मागा.

टांगताना फाटक दोन इंची ठोकळ्यांवर उभं करा, बाजूच्या फटींत पुठ्ठे खोचा आणि दोन्ही बिजागऱ्यांना आधी एकेकच स्क्रू मारून उघडझाप करून पाहा. दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या (ज्यांभोवती त्या फिरतात) एका ओळंब्यात नसतील तर फाटक आपोआप उघडतं किंवा मिटतं. आतलं अंगण चढाचं असेल तर उघडताना खाली घासणार, ते फळ्या कापण्याआधीच एक काठी फिरवून बघून घ्या.

तेल म्हणून आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी फिरकत नाही, पण कातडी भाजते. हातमोजे घाला. ते मिळत नसेल तर अळशीचं तेल दर वर्षी पावसाआधी, आणि फळ्यांच्या टोकांना दोन हात जास्त.

कोयंडा मात्र आता बसवू नका. एक पावसाळा जाऊ द्या. फाटक दोन-चार मिलिमीटर बसतंच, नंतर कोयंड्याची जागा ठरवा. तोवर सुंभाची दोरी चालते.

आणि हे सगळं भिंत भरीव आहे असं धरून सांगितलंय. वरून प्लास्टर असलं की सगळेच तिला काँक्रीट म्हणतात. हातोडीने हलकेच ठोकून बघा. आवाज पोकळ आला किंवा ड्रिलमधून तांबडी भुकटी पडली, म्हणजे आत सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा जांभ्याचे चिरे असले, तर फुगणारे बोल्ट तिथे धरणार नाहीत. मग केमिकल अँकर (भोकात चिकटवून बसवायचा बोल्ट) तरी, नाहीतर शेजारी खड्डा घेऊन स्वतंत्र खांब. ते आधी बघून सांगा, त्यावर पुढचं लिहितो.