बफीचा सिनेमा बघू की थेट सिरीज?

प्रश्न: ताई, पणजीला इफ्फीच्या लायनीत मैत्रीण म्हणाली 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'चा १९९२चा सिनेमा सोड, सिरीजच बघ. खरंच सोडू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: नको गं सोडू, दीड तासाच्या आत संपतो आणि व्हॅम्पायर मारणारी क्रिस्टी स्वॉन्सनची चीअरलीडर बफी धमाल आहे. पण लेखक जॉस वीडनला त्यात भीतीपण हवी होती, पडद्यावर आली नुसती गंमत, म्हणून १९९७ला त्याने तीच बफी टीव्हीवर आणली, बफी झाली सारा मिशेल गेलर, सात सीझन, आणि शाळेखालीच नरकाचं तोंड! त्यातला 'हश' हा एपिसोड तर बघच, अख्ख्या गावाचा आवाज जातो आणि बराच वेळ कोणी एक शब्द बोलत नाही, मला आजही तो सगळ्यात भारी वाटतो. पहिला सीझन जरा कच्चा आहे, बाराच एपिसोड, तेवढे काढ.