घरात साइट उघडते, बाहेरून नाही: आधी राउटरवरचा वॅन पत्ता बघा

तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीचे माझे चार महिने जसेच्या तसे आठवले. तुमच्याकडे जुना नेटबुक, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर एंजिनएक्स हा वेब सर्व्हर. घरच्या वायफायवर साइट पटकन उघडते, बाहेरून कोणी उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं. राउटरवर ८० आणि ४४३ पोर्ट तीनदा फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणारी मागणी नेटबुककडे वळवून, झाले. आता अपाचे हा दुसरा सर्व्हर टाकून बघू का, की मशीनच बदलू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. घरात पान उघडतंय म्हणजे मशीन आपलं काम नीट करतंय. इन्स्टॉलेशन, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) किल्ल्या वगैरे तुम्ही केलेलंच आहे, त्यात जात नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) लिहिलेला असतो तो बघा. मग आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे आहेत का? नसतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे आहात. काही इंटरनेट कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. घरात एकामागे एक दोन राउटर जोडलेले असतील तरीही आकडे वेगळे दिसतात, तेवढं आधी तपासून घ्या.

आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते कधीच अपुरे पडले. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यासाठी १००.६४ पासूनचा तो पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा कंपनीच्या यंत्रात त्याची नोंद होते, म्हणून उत्तर तुमच्यापर्यंत परत येतं. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर त्याची नोंदच नसते, आणि ते पॅकेट (मागणीचा तुकडा) तिथेच टाकून दिलं जातं. तुमच्या राउटरपर्यंत ते पोचतच नाही. मग राउटरवर पोर्ट कितीही वेळा फॉरवर्ड करा.

मी हे पहिल्या दिवशी बघितलं नाही. माझी खरी चूक हीच, आणि ती का झाली तेही सांगते. मशीन जुनं होतं, त्यामुळे काहीही अडलं की मी त्यालाच दोष देत होते. रॅम कमी पडत असेल, नेटवर्क कार्ड गेलं असेल, फायरवॉल बिघडली असेल. चार वेळा डेबियन पुसून नव्याने टाकलं. एंजिनएक्स काढून दुसरा सर्व्हर लावला, परत एंजिनएक्सवर आले. शेवटी एका रात्री नेटबुकवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावलं, पोर्ट ८० वर. घरच्या वायफायवरून फोनने साइट उघडली, तशा ओळी भराभर सरकल्या. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडली. पडद्यावर एक ओळ हलली नाही. दहा मिनिटं नुसता कर्सर लुकलुकत होता. जे पॅकेट आलंच नाही, त्याच्यासाठी मी चार महिने मशीन खोलत होते!

ही चाचणी तुम्हीही आजच करा, पण मोबाइल डेटावरूनच. घरात बसून आपलाच सार्वजनिक पत्ता उघडला तर बरेच राउटर तो मागे वळवत नाहीत, आणि सगळं नीट असूनही बंद असल्यासारखं वाटतं.

आता कंपनीबद्दल. नाव घेत नाही. मी पाच तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी ‘पोर्ट तुमच्याकडूनच बंद आहे मॅडम’, आणि संध्याकाळी ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा मेसेज. तिसऱ्या वेळी फोनवरच्या माणसाने राउटर फॅक्टरी रिसेट करायला लावला. मी केला. त्यात कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं गेलं, आणि ते परत मिळवायला दोन दिवस गेले. तोवर घरात इंटरनेटच नाही. फोनवरच्या त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांच्यापुढे असतं तेवढंच ते वाचून दाखवतात. पण ‘तुम्ही सीजीनॅटवर आहात’ हे एक वाक्य त्या कार्यालयातल्या कोणालाही पहिल्या दिवशी बोलता आलं असतं. ग्राहकाला हे न सांगणं मला आजही चुकीचं वाटतं.

म्हणून तुम्ही फोन कराल तेव्हा ‘साइट दिसत नाही’ असं सांगूच नका. ‘मला सीजीनॅटवरून काढून पब्लिक आयपीव्ही४ द्या’ एवढंच म्हणा, आणि शक्यतो लेखी. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवायला करारात मनाई तर नाही ना, तेही वाचून घ्या. आणि कोणी काहीही सांगितलं तरी रिसेटचं बटण दाबण्याआधी राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या.

पब्लिक आयपी मिळालाच नाही तर? आयपीव्ही६ (नवी पत्ता-पद्धत) असेल तर प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे फॉरवर्डिंग नसतं, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करायची. पण ज्या पाहुण्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्याला साइट दिसणार नाही.

मी स्वतः वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन मशीनमधला सुरक्षित बोगदा) वापरते. सगळ्यात लहान व्हीपीएस (सार्वजनिक पत्ता असलेला दूरचा सर्व्हर) भाड्याने घेतलाय, नेटबुक आतून बाहेर जाऊन त्याच्याशी बोगदा जोडतो आणि व्हीपीएस येणारी मागणी त्यातून घरी पाठवतो. जोडणी आपणच सुरू करत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. मात्र ‘पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायला विसरू नका, नाहीतर शांत वेळेत कंपनीच्या यंत्रातली नोंद पुसली जाते आणि बोगदा मुका होतो. जुन्या मशीनसाठी वायरगार्ड मला खास आवडतं. एन२७० मध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी प्रोसेसरमधल्या खास सूचना नाहीत, आणि वायरगार्डची चाचा२० ही पद्धत त्यांच्याशिवायही वेगात चालते. तयार क्लाउड टनेलही मिळतात आणि लावायला सोपे असतात, पण त्यात बहुधा एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उघडतं. मला ते नको वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकेल. मी नेटवर्क इंजिनिअर नाही, हे सगळं स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय.

तुमच्या मशीनबद्दल थोडं. एन२७० फक्त ३२ बिट आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिलेला नाही. तेव्हा सवयीने अपग्रेड करून बसू नका. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगइन-डी या डेबियनमधल्या सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करा. बॅटरी फुगली असेल तर आजच काढून ठेवा, हे मात्र टाळू नका. वीज जाऊन आली की तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही छोटी बटण-बॅटरी बदला, नाहीतर अपडेट आणि प्रमाणपत्रं दोन्ही ‘अजून वैध नाही’ म्हणून अडतात आणि पुन्हा संशय नेटवर्कवर जातो.

एक जीबीत वर्डप्रेस आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवायचा हट्ट नसेल तर स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार केलेली, पानं ठेवा. मी तयार एचटीएमएल दुसऱ्या मशीनवर बनवते आणि इथे फक्त आणून टाकते. स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वापरायची वेळच येत नाही.

राउटरवरचा पत्ता आणि मोबाइल डेटावरून चाचणी घेतल्यावर टीसीपीडंपमध्ये काय दिसलं ते कळवा. पत्त्याचे पहिले दोन आकडेच द्या, पूर्ण आयपी इथे टाकू नका. पॅकेट पोचत असतील तर मात्र फायरवॉल बघावी लागेल. मग एनएफटेबल्सचे, म्हणजे डेबियनच्या फायरवॉलचे, नियम चिकटवा, मी बघते.