बोका लठ्ठ झालाय आणि बकाबका खाऊन ओकतो. त्याचं जेवण निम्म्यावर आणू का?

तुमचा नसबंदी झालेला बोका साडेसहा किलोचा झालाय, वाटी ठेवली की क्षणात चाटूनपुसून साफ करतो, बऱ्याचदा लगेच ओकतो आणि पुन्हा ओट्यापाशी येऊन ओरडतो, असं तुम्ही लिहिलंय. जेवण एकदम निम्मं मात्र कृपा करून करू नका.

लठ्ठ मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते. हे जिवावर बेतू शकतं. नवं खाणं पाहून तो रुसला, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नका. दिवसभर तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

तो हावरट आहे असंही समजू नका. नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक उलट वाढते. पेठांमधल्या वाड्यांत मांजरं कौलांवरून हिंडायची, उंदीर धरायची. तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या बाल्कनीत, त्याला करायला उरतंय काय? खाणं आणि झोपणं.

आधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि त्याचं योग्य वजन किती ते विचारा. समजा पाच किलो म्हणाले, तर वजन उतरवताना त्याला दिवसाला साधारण 190 कॅलरी लागतील. कोरड्या खाण्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसभराचं झालं जेमतेम 50 ग्रॅम. आकडा पाकिटावर बघा आणि रोज वजनकाट्यावर मोजून घ्या. वाटीच्या अंदाजात फार फरक पडतो. आताच्या मापावरून या मापावर हळूहळू, काही आठवड्यांत या. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं तरी पुष्कळ. महिन्याला पाव किलो धरा.

आता बकाबका खाण्याचं. मांजर मुळात दिवसभर थोडं थोडं खाणारा प्राणी आहे. तेवढेच 50 ग्रॅम चार-पाच वेळांत विभागा. बाजारात खाचांच्या थाळ्या मिळतात, पण आमच्याकडे इडलीपात्राची एक ताटली सुटी काढून मांजरीलाच देऊन टाकली आहे. प्रत्येक खळग्यात चार-पाच दाणे टाकायचे. तोंड भरून घास घेता येत नाही. ती जिभेने एकेक दाणा कडेला आणते, निसटला की पंजाने ओढते, मध्येच थांबून ताटलीभोवती फिरून दुसरीकडून सुरू करते. खाणं लांबतं आणि आख्खे दाणे ओकून पडणंही थांबतं. हे करूनही ओकारी चालू राहिली, किंवा खाल्ल्यावर काही तासांनी होऊ लागली, तर कारण घाईचं नाही, डॉक्टरांना दाखवा. भूक वाढलेली आणि वजन आपोआप उतरतंय, असं दिसलं तरी थांबू नका. मधुमेह किंवा थायरॉईड असू शकतो.

एक-दोन वेळा ओलं खाणं द्या. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत पोट भरल्यासारखं वाटतं. त्याच्या कॅलरी दिवसाच्या 190 मधून वजा करून तेवढे दाणे कमी करायला विसरू नका. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मात्र ठेवू नका, त्यातून त्याला लागणारं सगळं मिळत नाही.

पहाटे ओरडला तर उठून वाटी भरू नका, नाहीतर ओरडलं की मिळतं हे तो पक्कं शिकेल. त्यापेक्षा रात्री झोपण्यापूर्वी दोरीला पीस बांधून त्याला दमेपर्यंत खेळवा आणि मग शेवटचं जेवण द्या.

आजी दुधाची बशी ठेवतात, गणेश पेठेतून मासळी आली की त्याचा वाटा काढतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना नाही म्हणू नका, जीव लावतात त्या. दूध मात्र बंद करा, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. रोजच्या मोजलेल्या दाण्यांतले दहा ग्रॅम एका डबीत घालून आजींच्या हाती द्या. तो मागायला आला की त्यांनी त्यातलेच द्यायचे, फरशीवर दूर फेकून, म्हणजे धावेलही.