येळवशीची भज्जी आणि अथेन्सची हंडी

प्रश्न : येळवशीला (वेळ अमावास्येला) आम्ही तूर, हरभरा, वाल असं सगळं एकत्र शिजवून भज्जी करतो आणि शेतात पंगत बसते. ग्रीक देवांना असा मिसळीचा नैवेद्य होता का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : होता, आणि अथेन्समध्ये तो वर्षातून दोनदा तरी शिजायचा.

पहिली हंडी अपोलो देवाची. ऑक्टोबरच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर, प्यानोप्सियॉन महिन्याच्या सातव्या दिवशी. ‘प्यानोप्सिया’ या सणाच्या नावातच कडधान्य शिजवणं आहे. कथा अथेन्सचा वीर थिसिअस याची : क्रीट बेटाहून सुखरूप परतल्यावर सोबत्यांनी उरलासुरला शिधा एकाच भांड्यात शिजवला आणि मिळून खाल्ला. मुलं ऑलिव्हच्या फांदीला लोकर गुंडाळून, अंजीर आणि भाकरी बांधून गाणी म्हणत मिरवायची. मग ती फांदी दाराला लागे. तुमच्या भज्जीच्या जवळ जाते ती हीच हंडी.

दुसरी अँथेस्टेरिया सणाच्या तिसऱ्या दिवशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती मृतांना पाताळात नेणाऱ्या हर्मिसची. जलप्रलयातून वाचलेल्यांनी ती आधी चढवली, अशी आख्यायिका. तिच्यातलं कुणी चाखत नसे, असं नाटककार ॲरिस्टोफेनिसचे जुने भाष्यकार नोंदवतात. या दोन हंड्यांची गल्लत फार होते, कारण आतलं धान्य जवळपास सारखंच. म्हणून हंडी कुणाच्या नावाची आणि तिच्यातलं जेवतं कोण, हे आधी पाहावं.

प्रश्न : आणि येळवशीची आंबील?

उत्तर : तिच्या जवळचं पेय म्हणजे किकेऑन. मुलगी हरवल्याच्या दुःखात धान्यदेवी डिमीटर अथेन्सजवळच्या एल्युसिसला आली, तेव्हा पुढं आलेला द्राक्षमद्याचा पेला तिनं नाकारला आणि जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती कालवून मागितली. तिच्या स्तोत्रात एवढे तीनच जिन्नस आहेत. ताक नाही, आंबवणं नाही. पीठ तळाशी बसतं, म्हणून पिईपर्यंत ढवळावं लागे. ढवळलं नाही तर किकेऑन विलग होतं, हे ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसचंही निरीक्षण आहे.

त्यात अरगट (धान्यावर पडणारी बुरशी) मिसळून नशा आणत, असा तर्क 1978 साली मांडला गेला. आम्हाला तो पटत नाही. स्तोत्रात त्याचा मागमूस नाही. शिवाय बाजरीवरचा अरगट ओळखणाऱ्या शेतकऱ्याला माहीत आहे, की तसं धान्य पोटात गेलं तर आधी मळमळ आणि उलट्या होतात. जवावर आणि गव्हावर पडणाऱ्या अरगटाने तर झटके येतात, बोटं सडतात.