माझी मावशी प्रायॉन रोगाने (बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू खराब करत जाणारा जीवघेणा आजार) गेली आणि वर्षभरात आईच्या रिपोर्टमध्येही त्याचा जनुकदोष निघालाय. तिची चिडचिड आणि उडालेली झोप ही आजाराची सुरुवात आहे का?

नाही, नुसत्या चिडचिडीवरून आणि तुटक झोपेवरून आजार सुरू झाला असं म्हणता येत नाही. मी मिरजेत मेंदूविकाराच्या ओपीडीत काम करतो. सख्खी बहीण याच रोगाने गेली आणि वर्षभरात स्वतःच्या रिपोर्टमध्ये तोच दोष निघाला, तर कुणाचीही झोप उडेल. ही धास्ती खरी असते आणि तिच्यावर उपचारही आहेत, ते थांबवू नका. निरोगी वाहकात, म्हणजे दोष आहे पण आजार नाही अशा माणसात, पुढचा आजार आधीच सांगेल अशी एकही खात्रीची मानसिक खूण अजून हाती आलेली नाही.

मात्र या रोगाशी जोडलेल्या पीआरएनपी जनुकातला दोष नेमका कोणता, हे रिपोर्टमध्ये बघा. डी१७८एन नावाच्या दोषाच्या एका प्रकारात झोपच आधी बिघडते. जनुकात जादा तुकडा शिरलेल्या काही घराण्यांत तापट, विक्षिप्त स्वभाव आजाराच्या कितीतरी वर्षं आधीपासून दिसलाय. ई२००के नावाचा दोष असेल तर आजार बहुधा साठीच्या आसपास सुरू होतो. दोष कोणताही असो, आठवड्यागणिक वाढणारा बदल दिसला, म्हणजे रोजची साधी बेरीज जमेना, चालताना तोल जायला लागला, हात-पाय अचानक झटके देऊ लागले, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.